गोंदण कागदावर उतरेना

पौषातलं धुकं त्या दिवशी सौंसरावरून हलायलाच तयार नव्हतं. जामसांवलीच्या देवळाकडे जाणाऱ्या गाड्या दिवे लावून, हॉर्न मारत जात होत्या आणि रस्त्यापलीकडचा पानठेला नुसता आवाजावरून ओळखू येत होता. उत्तम सोमकुंवरनं शटर वर ढकललं, कानावरचा मफलर घट्ट केला आणि दुकानापुढं पाणी शिंपडलं. एवढ्या थंडीत पाणी कशाला, असं शेजारचा टेलर रोज विचारी. उत्तमचं उत्तरही रोजचंच.

"थंडीत का धूळ गावाले जाते?"

आत येऊन त्यानं बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींवरून फडकं फिरवलं, मेणबत्ती लावली. मग कॉम्प्युटरवर टाकलेलं बायकोचं, इंदूचं, जुनं लुगडं काढून त्याची घडी केली आणि नव्या प्रिंटरचं बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरला, आतल्या आत इकडून तिकडे फिरला आणि एक कागद बाहेर सोडला. कागदावर निळ्या, लाल, पिवळ्या, काळ्या रेघा. कुठं तुटलेली नाही, कुठं फिकी नाही. उत्तमनं कागद ट्यूबलाइटखाली धरला, चष्मा कपाळावर नेऊन पाहिला, चष्मा खाली आणून पाहिला.

"रेघा तं बराबर हायेत," तो मागच्या दाराकडे तोंड करून म्हणाला. "चेहरेच काऊन बिघडून राहिले?"

मागच्या दाराआड त्याचं घर होतं. तिथून इंदूचा आवाज आला. "मले इचारून राहिले का त्या मशीनले?"

नवा प्रिंटर दुकानात येऊन आठवडाही झाला नव्हता. जुन्यानं त्याच्या चार दिवस आधीच अंग टाकलं होतं. पांढुर्ण्याचा कुलदीप घागरे मोटरसायकलवर खोकं बांधून घेऊन आला, तारा जोडल्या, छापायचं नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि एक गुलाबाचं फूल छापून दाखवलं. फूल असं आलं, की इंदूनं ते स्वयंपाकघरात चिकटवलं. पण कुलदीप गेला आणि माणसं छापायला घेतली, तर सगळी विटेसारखी. शाळेच्या फॉर्मचे फोटो, बँकेचे फोटो, सगळ्यांचे गाल भाजलेले. नवी शाई आहे, बसेल हळूहळू, असं उत्तम गिऱ्हाइकांना सांगत होता आणि स्वतःलाही.

उत्तमचे वडील जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, गाठी बांधायचे. पोरानं तिथंच लागावं अशी त्यांची इच्छा, पण जिनातला उडता कापूस उत्तमच्या छातीत बसे आणि तो रात्रंदिवस खोकत राही. म्हणून मॅट्रिकनंतर तो पांढुर्ण्याला एका स्टुडिओत लागला. लाल बल्बच्या खोलीत तो कागद औषधाच्या पाण्यात हलवायला शिकला. पांढऱ्या कागदावर आधी डोळे उगवत, मग नाकाखालची सावली, मग बाकीचा माणूस. त्या औषधानं बोटं पिवळी पडत. लग्नासाठी इंदूला पाहायला गेला तेव्हा तिच्या आजीनं त्याचा हात धरून विचारलं होतं, "पोट्ट्याले हळद आधीच लावून आनली का वो?"

लग्नानंतर त्यानं सौंसरात स्वतःचं दुकान काढलं आणि पाटीवर नाव लिहिलं, इंदू फोटो स्टुडिओ. लोकांना वाटलं, काय प्रेम आहे. इंदू म्हणे, "पाटी माही, अन् झाडू बी माहाच."

मग रीळ गेलं, लाल बल्ब गेला, कॉम्प्युटर आला. उत्तम तेही शिकला. नागपूरहून कोणाचा तरी वापरलेला प्रिंटर आणला. हा जुना प्रिंटर कामाचा होता, पण त्याला लाल रंगाचं वेड. मोहगावची नवरी त्यातून अशी निघाली, की जणू मांडवात कोणी तिच्या थोबाडीत दिली. नवरीची मावशी भांडून गेली. तेव्हा उत्तमनं स्वतःच युक्ती काढली. कागदावर लाल येते ना, मग स्क्रीनवर आधीच चेहरा थोडा हिरवट करायचा. हिरवट चेहरा लाल प्रिंटरमधून गेला की कागदावर माणूस माणसासारखा. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरात एक सोय असते. एखादं काम एकदा करून दाखवलं, की ते लक्षात ठेवतं आणि पुढं एका बटणावर करतं. उत्तमनं ही हिरवी मात्रा एफ-पाच या बटणाला बांधून टाकली. फोटो सुधारून झाला, की शेवटी एफ-पाच. मग छपाई.

ते बटण इतकी वर्षं दाबून दाबून ढिलं झालं होतं. दाबलं की टक असा आवाज येई. मागं इंदूला तो ऐकू जाई आणि ती चहाचं आधण ठेवी. टक झालं म्हणजे फोटो झाला, गिऱ्हाईक उठेल, हा माणूस आता चहा मागेल.

दुसरी एक सवय गिऱ्हाइकांनीच लावली होती. पोरीचा लग्नासाठीचा फोटो गोरा पाहिजे, नवरदेव गोरा पाहिजे, मेलेला म्हाताराही गोरा पाहिजे. संत्र्याच्या बागेत जन्मभर उन्हात राबलेली माणसं भिंतीवर मात्र दुधात धुतल्यासारखी टांगली जात. उत्तम तेही करून देई. न सांगताच करी.

धुकं थोडं विरळ झालं तेव्हा संत्र्याच्या क्रेटांनी भरलेली एक लहान गाडी दुकानापुढं थांबली. मोहगावचा राजू खाली उतरला आणि त्यानं पलीकडच्या बाजूनं आपल्या आईला, जयवंताबाईला, हात धरून उतरवलं. काळीसावळी, काटक म्हातारी. नऊवारीचा काष्टा, अंगावर शाल, पायात पोराच्या जुन्या चपला. पायरी चढताना तिनं मान खाली घातली आणि पायरी कुठं आहे ते शोधून मगच पाय टाकला.

"उत्तमभाऊ, मायले इथं बसवून जाऊ का?" राजू म्हणाला. "पांढुर्ण्याले माल टाकून येतो. हिले फोटू काढाचा हाय."

"कायचा फोटो? पेन्शनचा?"

"मराचा," जयवंताबाई म्हणाली.

राजू हसला, कपाळाला हात लावला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी गेली. जयवंताबाई बाकावर टेकली आणि शालीचं टोक सावरत बोलू लागली.

"हसून राहिला तो. पन सांगतो तुले, गा उत्तम. माही जेठानी गेली तई तिचा फोटू तुह्याच दुकानातून नेला. ध्यानात हाय का?"

उत्तमला तिची मोठी जाऊ आठवली. पाच-सहा वर्षं झाली असतील. लग्नाच्या जुन्या घोळक्यातून एक चेहरा काढून मोठा केला होता.

"तो बैठकीत लावला हाय. आता राजूचा नातू बोलाले लागला. परवा फोटूकडे बोट दाखवून मले म्हन्ते, आजी, हे मॅडम कोन होय?" ती थांबली. "मॅडम! जिच्या मांडीवर ह्याचा बाप वाढला, ते मॅडम!"

उत्तमनं टेबलावरची कात्री उचलून पुन्हा तिथंच ठेवली.

"गोरी केली ते केली," जयवंताबाई म्हणाली, "पन तिचं गोंदनच पुसून टाकलं तुनं. कपायावरचं."

तिनं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. दोन भुवयांच्या मध्ये एक उभी हिरवी-निळी रेघ होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना टिंबं. हनुवटीवर आणखी एक टिंब. सुरकुत्यांत अर्धंअधिक बुडालेलं, पण होतं.

"हे अन् तिचं एकाच दिशी गोंदलं. मी नवी नवरी होती, इतकुशी. जामसांवलीच्या जत्रेत गोंदनारी बसली होती. सुई पाहूनच मी बोंबलाले लागली. जेठानीनं माहे दोन्ही हात धरले अन् म्हने, पाह्य, पयले मी गोंदतो. तिनं गोंदलं, मंग माहं. आता तिच्या फोटूत ते नाही. उद्या माह्या फोटूतून बी जाईन. म्हून म्हनलं, मी जिती हाय तवर माहा फोटू मी पाहीन. मले वळखू आला तं ठेवतो, नाही तं नाही."

"अजून लय टाइम हाय, बाई, तुमाले."

"मले हाय. डोयाले नाही." तिनं बोटानं डोळ्यांच्या कडा दाखवल्या. "इकून अन् तिकून अंधार सरकून राहिला. मधातलं तेवढं दिसते. नागपूरचा डाक्टर म्हने, गेली ते नजर वापस येत नाही, राहिली ते औषध घालून धरून ठेवा. धरून राहिली मी. पन कवापर्यंत?"

उत्तमनं दिवे लावले. मागचा रंगवलेला पडदा खाली सोडला. त्यावर तळं होतं आणि तळ्यात बदकं.

"त्या बदकाईच्या म्होरं मले बसवू नको," म्हातारी म्हणाली.

मग साधी निळी चादर लावली. तिनं पदर कपाळाच्या वरपर्यंतच घेतला, गोंदण झाकू नये म्हणून दोनदा चाचपून पाहिला. उत्तमनं दिवा बाजूला सरकवला, म्हणजे सुरकुत्यांत सावली राहील आणि रेघ उठून दिसेल. हसा म्हणायचं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण ती ज्या तऱ्हेनं समोर पाहत होती ते पाहून त्यानं तसंच बटण दाबलं.

"मांगं इंदूकडे बसा," तो म्हणाला. "चुलीची ऊब हाय. होतेच आता."

जयवंताबाई मागं गेली. तिथं इंदू तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हातारीनं न विचारता सूप अर्धं आपल्याकडे ओढलं.

इकडे उत्तमनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला. आज गोरं करायच्या ब्रशला हात लावायचा नाही, हे त्यानं ठरवलं होतं. नाकावरचा उजेडाचा चट्टा तेवढा कमी केला, चादरीची घडी पुसली. गोंदणाच्या जवळही गेला नाही. फोटो बंद केला, छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, मोठा कागद लावला. प्रिंटर कुरकुरू लागला.

कागद बाहेर आला आणि उत्तम पाहतच राहिला. चेहरा वीटभट्टीतून काढल्यासारखा. ते एक वेळ ठीक, या आठवड्यात सगळेच तसे येत होते. पण कपाळ कोरं होतं. रेघ नाही, टिंबं नाहीत. सुरकुत्याही अर्ध्या गायब. हनुवटीवर कोणी हात फिरवून गेल्यासारखी सफाई.

त्यानं स्क्रीनवर फोटो मोठा केला. गोंदण तिथं होतं, स्पष्ट. कागदावर नव्हतं. पुन्हा छापलं. पुन्हा नाही.

"झाला का गा?" मागून आवाज आला.

"होऊन राहिला, बाई."

त्यानं दोन्ही कागद पालथे ठेवले आणि कुलदीपला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर कुलदीपनं उचलला. मागं वारा आणि कोंबड्यांचा कलकलाट.

"बोला, काका. तिगावात हाव मी, एकाच्या टीनावर चढून कॅमेरा लावून राहिलो. पडलो तं तुमच्या खात्यावर."

"पडू नको, आधी सांग. स्क्रीनवर बाईचं गोंदन हाय अन् कागदावर नाही. हे कसं होते, बे?"

"तुमीच साफ केलं असन. तुमाले सवय हाय."

"नाही केलं! ह्या टायमाले हातच नाही लावला."

कुलदीपनं हातोडी टीनावर ठेवल्याचा आवाज आला.

"मंग छापाच्या सॉफ्टवेअरनं केलं असन. त्यात चेहरा सुंदर कराची एक टिक असते, ते आपोआप लागून राह्यते. डाग दिसला का पुसते. त्याले का मालूम, डाग कोनता अन् गोंदन कोनतं? ते बंद करा."

"अन् लाल काऊन येते?"

"रंग कोन सांभाळून राहिला? फोटो सुधाराचं सॉफ्टवेअर का छापाचं?"

"मले काय मालूम? दोघंबी असतीन."

"अरे काका!" कुलदीप वरून ओरडला. "हे फोटोवालं कागदाच्या हिशोबानं रंग बदलून देते. मंग छापनारं म्हन्ते, थांब, मी बी बदलतो. एकच काम दोनदा झालं. दोघाईपैकी एकालेच ठेवा. छापाच्या सॉफ्टवेअरमंदी रंग सुधारनं बंद करून टाका, सारं काम फोटोवाल्यावर सोडा. अन् मले आता उतरू द्या, ह्या घरची बुढी काठी घेऊन आली."

उत्तमनं चष्मा पुसला आणि छापायच्या सॉफ्टवेअरची एकेक खिडकी उघडत गेला. कुठं इंग्रजी, कुठं हिंदी. चेहऱ्यासमोरची टिकची खूण एका कोपऱ्यात निमूट बसलेली सापडली. काढली. रंगाची खूण तीन पानं आत होती. तीही काढली. मग कॅमेऱ्यातला मूळ फोटो नव्यानं उघडला, नाकावरचा चट्टा आणि चादरीची घडी पुन्हा एकदा पुसली, बंद केला आणि छापायला सोडला.

या खेपेस तो प्रिंटरपाशीच वाकून उभा राहिला. आधी पदराची किनार आली, मग केसांची पांढरी रेघ, मग कपाळ. आणि कपाळावर गोंदण. उभी रेघ, दोन्हीकडची टिंबं, सगळं.

"आलं!" तो म्हणाला.

जयवंताबाई हातातली शेंग तशीच घेऊन आली. मागून इंदू, पदरानं हात पुसत. तोवर कागद पूर्ण बाहेर आला होता आणि उत्तमचा चेहरा उतरला होता. गोंदण होतं, सुरकुत्या होत्या, पण सगळी म्हातारी हिरवट. सावलीत वाढलेल्या पानासारखी, आजारी.

जयवंताबाईनं कागद घेतला, डोळ्यांसमोर मधोमध धरला, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे.

"गोंदन हाय," ती म्हणाली. "पन मी कई इतकी हिरवी होती, गा? हे तं पान्यातून काढलेलं मढं वाटून राहिलं."

"शाईचा लोच्या असन," उत्तम म्हणाला. पण सकाळच्या रेघांचा कागद समोरच होता आणि त्यातली एकही रेघ वाकडी नव्हती. त्यानं दोन्ही खुणा पुन्हा पाहिल्या. बंद होत्या. कुलदीपला फोन लावला, तर तो लागेना. उत्तम खुर्चीत बसला आणि मफलर काढून मांडीवर ठेवला. बाहेर ऊन पडलं होतं. राजूची गाडी आता कधीही येईल. म्हातारी परत जाईल आणि पुन्हा सौंसरात येईपर्यंत त्या अंधाराच्या कडा किती सरकलेल्या असतील, कोण सांगणार?

"च्या घ्या आधी," इंदू म्हणाली. "उकयला हाय केव्हाचा."

"मी कुठं मांगतला?"

"मांगाले कायले पाहिजे? टक वाजलं, मी ठेवला."

"कायचं टक?"

"तुमचं नेहमीचं. फोटू झाला का वाजवता ते. पयल्यांदा वाजलं तई बी ठेवला होता, तो बाईले देल्ला. आता पुन्हा वाजलं, पुन्हा ठेवला."

उत्तमनं तिच्याकडे पाहिलं आणि मग कीबोर्डकडे पाहिलं. एफ-पाचवरचं अक्षर कधीच पुसून गेलं होतं. तिथं बोटाच्या आकाराचा खळगा पडला होता.

"मी दाबलं?" त्यानं विचारलं.

"मंग का मी येऊन दाबलं?"

त्यानं फोटो उघडला आणि त्यावर केलेल्या एकेका कामाची यादी पाहत गेला. चादरीची घडी. नाकावरचा चट्टा. आणि दोन्हींच्या वर, सगळ्यात शेवटी, ती हिरवी मात्रा. जुना प्रिंटर भंगारात गेला होता, त्याचं औषध मात्र उत्तमचं बोट अजून रोज पाजत होतं. दार ओढल्यावर कडी लावावी, तसं. त्याला स्क्रीनवर ते दिसलंही नव्हतं, कारण इतक्या वर्षांत हिरवट चेहरा हाच त्याला बरोबर चेहरा वाटू लागला होता.

"काय झालं?" जयवंताबाईनं विचारलं.

उत्तमनं तिला जमेल तसं सांगितलं. एक सॉफ्टवेअर रंग सुधारत होतं, दुसरं तेच पुन्हा सुधारत होतं, आणि या दोघांच्या आधी मी माझा हात मारून मोकळा होत होतो. त्यातल्या एकाचं बंद केलं, तर माझं उघडं पडलं.

जयवंताबाईनं शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले.

"म्हंजे एकाच कलमेले तिघाईनं पानी देल्लं," ती म्हणाली. "पोरगा सकायी देते, सून दुपारी देते, बुढा संध्याकायी. अन् मंग म्हनाचं, झाड काऊन सडलं बाप्पा."

इंदू फिस्सकन हसली. उत्तमही हसला, पण लगेच पुन्हा स्क्रीनकडे वळला. हिरवी मात्रा काढलेला चेहरा त्याला नको तितका लाल वाटत होता, उन्हातून आल्यासारखा. बोट आपोआप वर सरकलं. त्यानं ते मागं घेतलं. माउस धरला, तर हात म्हणे, थोडंसं, अगदी थोडंसं तरी कर. त्यानं दोन्ही हात मांडीवरच्या मफलरमध्ये खुपसले.

"इंदू, इकडे ये. हे पाह्य, इथं छापा लिहिलं हाय. तूच दाब."

"मी? बिघडलं तं?"

"माह्या हातानं बिघडन. तू दाब."

इंदूनं वाकून, एका बोटानं, तव्यावरची भाकर गरम आहे का पाहावं तसं, बटण दाबलं.

प्रिंटर कुरकुरला. तिघं उभे राहून पाहत होते. किनार आली, केस आले, कपाळ आलं, गोंदण आलं. मग डोळे. मग रापलेले गाल, शेणानं सारवलेल्या अंगणासारखे, ना लाल ना हिरवे. नाकातली फुली. हनुवटीवरचं टिंब. उत्तमनं कागद उचलला नाही. प्रिंटरनं सोडला तसा जयवंताबाईलाच घेऊ दिला.

ती तो घेऊन दारात उन्हाला गेली. उभ्या उभ्या तिनं तो कागद तुकड्यातुकड्यानं पाहिला. मान थोडी खाली, मग वर, मग बाजूला, जिथं नजर पोचत होती तिथं एकेक भाग आणत. कपाळाशी आली आणि तिथं बराच वेळ थांबली. मग एक बोट कागदावर ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या कपाळावर.

"हे होय," ती म्हणाली. "हे मीच होय."

उत्तमनं श्वास सोडला.

"पन पोलक्याचं बटन उघडं हाय. सांगाले काय झालं होतं तुले?"

"तुमी फक्त गोंदनाचं सांगतलं होतं, बाई."

"राहू दे. आहे तं आहे. मी कई लावत होती बटनं सारी."

एवढ्यात राजूची गाडी आली. रिकामी क्रेटं मागं खडखडत होती. राजू पायरीशी आला, आईच्या हातातला फोटो पाहिला आणि नाक वाकडं केलं.

"भाऊ, इतकी कायी काऊन केली जी? बैठकीत लावाचा हाय. थोडी उजय करून द्या ना."

उत्तम उत्तर द्यायला वळला, पण जयवंताबाईनं त्याला संधी दिली नाही.

"तुह्या नातवाले मी वळखू याव म्हून काढला हा. गोरी पाहाची असन तं घरी बायको हाय, तिले आनून बसव त्या बदकाईच्या म्होरं."

राजूनं हात जोडले. इंदूनं फोटो जाड कागदात गुंडाळून दिला आणि पिशवीत उभा ठेवायला सांगितलं, आडवा नको. जयवंताबाई पायरी उतरली, खालच्या पायरीवर थांबली आणि न वळताच बोलली.

"उत्तम, जेठानीचं गोंदन परत येईन का?"

"ज्या फोटोतून काढला तो आना. लग्नाचा घोयका होता. त्याच्यात असन तं येईन. नसन तं मी लावनार नाही आपल्या मनानं."

"हाय त्याच्यात. मी तिच्या बाजूलेच उभी हाव." तिनं पिशवी छातीशी धरली. "मंगयवारी जामसांवलीले येतो, तई आनतो. डोयाईले म्हनाव, तवर थांबा."

गाडी मोहगावच्या रस्त्याला लागली. धुळीवर सकाळी मारलेलं पाणी केव्हाच वाळून गेलं होतं. उत्तमनं विटेच्या रंगाचे दोन कागद आणि हिरवा एक, तिन्ही फाडून खोक्यात टाकले. मग खुर्चीत बसून आठवड्याभरातले फोटो उघडले. भाजलेल्या गालांची सगळी पोरं पुन्हा छापावी लागणार होती. पहिला फोटो एका शाळकरी पोरीचा, सायलीचा. तो अजून न्यायला कोणी आलं नव्हतं. त्यावरची हिरवी मात्रा त्यानं उलटी फिरवली. बोट एफ-पाचपर्यंत गेलं आणि थांबलं. त्यानं कात्रीच्या टोकानं ते बटण उचकून काढलं, टाचण्यांच्या डबीत टाकलं आणि मग फोटो छापायला सोडला.

मागच्या दारातून इंदूनं डोकं काढलं.

"बरं मंग, आता च्या कवा ठेवाचा ते मले कसं समजन?"

"आवाज देईन."

"इतक्या वर्सात कई देल्ला नाही."

"आता देईन ना."

ती आत गेली. सुपात शेंगा पडल्याचा आवाज येऊ लागला. प्रिंटरनं सायलीचे आठ चेहरे एका कागदावर सोडले. उत्तमनं तो कागद वाळू दिला, लोखंडी पट्टी काढली, कागद काचेवर नीट बसवला आणि पहिल्या ओळीच्या कडेनं चाकू ओढला.